पृथ्वी मोजणारा हिंगणघाटला थांबला

२७ एप्रिल १५२१ च्या सकाळी फिलिपाइन्समधल्या मॅक्टन बेटाच्या उथळ पाण्यात फर्डिनांड मॅगेलन मारला गेला. तळाला खडक असल्याने जहाजे लांब थांबली होती आणि तोफांचा मारा किनाऱ्यापर्यंत पोचत नव्हता. चिलखते घातलेली माणसे मांडीएवढ्या पाण्यातून किनाऱ्याकडे निघाली आणि समोरून बेटावरच्या लापुलापु या सरदाराची माणसे बांबूचे भाले घेऊन धावून आली. पाच शतकांनंतर, २०२५ मध्ये, लाव डियाझ या फिलिपिनो दिग्दर्शकाने या माणसावर ‘मॅगेलन’ हा चित्रपट केला. तो कान महोत्सवात दाखवला गेला. गाएल गार्सिया बर्नाल हा मेक्सिकन नट त्यात मॅगेलन झाला आहे. जिंकायला आलेल्या माणसाची गोष्ट, ज्यांच्यावर तो चालून आला त्यांच्यापैकी एकाने सांगावी, हे मला फार मोलाचे वाटते.

हा मॅगेलन आपल्या किनाऱ्याला अगदी अनोळखी नाही. १५०५ मध्ये पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिश्कु द आल्मेडाच्या आरमारातून तो हिंदुस्थानात आला, तेव्हा तो पंचविशीतला एक साधा शिपाई होता. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाची जहाजे आणि दीवच्या मलिक अयाझची गलबते एकत्र आली आणि आल्मेडाचा तरुण मुलगा लोरेन्सो त्या लढाईत पडला. वर्ष संपता संपता बाप सूड घ्यायला निघाला. वाटेत दाभोळ लागले. दाभोळ हे विजापूरकरांचे नांदते बंदर होते. बहामनी काळापासून तिथे अरबी घोडे उतरत आणि दख्खनचे कापड जहाजांवर चढे. पोर्तुगीजांनी तिथे बायका-मुलेही सोडली नाहीत आणि गाव जाळून टाकले. पुढे फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवसमोर मोठी लढाई झाली. मॅगेलन तीत लढला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १५११ मध्ये मलाक्का घेताना तो होताच. पुढे पृथ्वीप्रदक्षिणेशी नाव जोडले गेलेल्या दर्यावर्दीचे शिक्षण असे आपल्या समुद्रावर झाले आणि त्यात नौकानयनाइतकाच जाळपोळीचाही वाटा होता.

समुद्रावरच्या ऐतिहासिक चित्रपटांना एक सोय असते. त्यांतले जिंकणे डोळ्यांना दिसते. क्षितिजावर शिडे येतात, वाळूत क्रूस रोवला जातो, तोफ उडते. वर्धा जिल्ह्याला ही सोय नाही. इथून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर आहे. या काळ्या जमिनीवर, पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या शेतांत, साम्राज्य कसे पोचले हे दाखवायचे तर कॅमेरा कुठे लावायचा? माझ्या मते तो हिंगणघाटला लावावा. समुद्र ओलांडून आलेला, पृथ्वीच्या आकाराचे वेड घेतलेला आणि काम अर्धवट टाकून परक्या मातीत गेलेला एक माणूस तिथे पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटन त्याचे नाव. २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला.

लॅम्बटन यॉर्कशरचा. घर गरीब, पण गणितात डोके तल्लख. सैन्यात शिरून तो अमेरिकेत गेला आणि स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला ब्रिटिशांनी हत्यारे खाली ठेवली तेव्हा कैद्यांत होता. सुटल्यावर आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये त्याने बरीच वर्षे छावणीची देखरेख आणि जमिनीची मोजणी करण्यात काढली. सूर्यग्रहण बघताना त्याचा एक डोळा अधू झाला, असे सांगतात. थंडीच्या त्या एकाकी वर्षांत त्याने गणित आणि भूमापनाची पुस्तके अक्षरशः पचवली. चाळिशी उलटल्यावर ३३ व्या पलटणीबरोबर तो हिंदुस्थानात आला. पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूमुळे जगाला माहीत झालेला. आपल्या भागाच्या इतिहासात हा वेलस्ली पुन्हा भेटणार आहे.

१७९९ मध्ये टिपूविरुद्धच्या शेवटच्या युद्धात श्रीरंगपट्टणजवळ एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिले आणि आपण दक्षिणेला नव्हे, उत्तरेला, म्हणजे शत्रूच्या तोंडात चाललो आहोत असे सांगितले. होकायंत्र काढून पाहिले तर त्याचे खरे निघाले. ताऱ्यांवरून रस्ता ओळखण्याची ही दर्यावर्द्यांची विद्या त्याने जमिनीवर वापरली.

म्हैसूर पडल्यावर त्याने एक प्रस्ताव मांडला. सगळे द्वीपकल्प एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांनी मोजायचे. ईस्ट इंडिया कंपनीला त्यातून नकाशा मिळणार होता. नव्याने हाती आलेल्या मुलखात फौजा कुठून न्यायच्या, सारा कुठून वसूल करायचा, यासाठी तिला नकाशा हवाच होता. लॅम्बटनचा स्वतःचा हेतू याहून मोठा होता. पृथ्वी पूर्ण गोल आहे की ध्रुवांपाशी चपटी, आणि चपटी असेल तर किती, हा त्या काळातल्या विज्ञानाचा मोठा प्रश्न होता. तो सोडवायला एका रेखावृत्तावरची लांबच लांब रेषा काटेकोर मोजावी लागते. मद्रास सरकारातल्या एका हिशेबनिसाला हा खर्च फुकटचा वाटला. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, असे त्याचे म्हणणे होते. वेलस्लीने मात्र लॅम्बटनच्या पाठीशी उभे राहून मंजुरी मिळवून दिली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली. साधन होते शंभर फुटांची पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून इंग्रजांनी नेलेल्या सामानातली ती होती. तिथे तिला कोणी विचारले नाही, म्हणून फिरत फिरत लॅम्बटनच्या हाती आली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर सावली धरायची, प्रत्येक वेळी उष्णतामापक बघायचा. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले. ही एक बाजू हातात आली की पुढे साखळीची गरज नाही. दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या खुणेकडे बघून कोन मोजायचे, गणिताने बाकीच्या दोन बाजू काढायच्या, त्यांवर पुढचे त्रिकोण बांधत जायचे. बऱ्याच अंतरावर पुन्हा एक पायारेषा प्रत्यक्ष मोजून ताळा बघायचा.

कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट लंडनला विल्यम केरीने बनवले होते. वजन अर्ध्या टनाच्या घरात. हे यंत्र घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी भर समुद्रात पकडले आणि मॉरिशसला नेले. युद्ध चालू असतानाही फ्रेंचांनी ते शास्त्राचे साधन आहे हे ओळखून पुन्हा बांधून मद्रासला पाठवून दिले. मला हा प्रसंग फार भावतो. एकमेकांची राज्ये गिळायला टपलेल्या दोन सत्ता पृथ्वीच्या मापापुढे क्षणभर थांबल्या. यंत्र जिच्यासाठी चालले होते ती जमीन मात्र दोघांपैकी कोणाचीच नव्हती.

१८०८ मध्ये तंजावरला बृहदीश्वराच्या उंच शिखरावर यंत्र चढवताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळले. कोन मोजायची पितळी वर्तुळकडी वाकली. नवे मागवायचे तर वर्षे गेली असती. लॅम्बटन तंबू लावून आत बसला आणि सुमारे सहा आठवडे हातोडीने, स्क्रूने, केसाकेसाने ती कडी पूर्वस्थितीत आणत राहिला. तेच यंत्र पुढे अनेक वर्षे चालले.

या कामाच्या वर्णनांतून लॅम्बटनची जिद्द दिसते, त्याच्या साहाय्यकांची नावे दिसतात. पण डोंगरमाथ्यावर निशाण धरून उभा राहणारा, झाडे तोडून दृष्टी मोकळी करणारा, अर्ध्या टनाचे यंत्र खांद्यावर वाहणारा माणूस क्वचितच दिसतो. धूळ बसून हवा स्वच्छ होते ती पावसात आणि पावसानंतर, म्हणून मोजणीचे दिवस नेमके तापाचेच दिवस असत. १८१८ मध्ये लॅम्बटनला मिळालेला तरुण मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट पुढच्याच पावसाळ्यात गोदावरीकाठच्या जंगलात गेला, तेव्हा जवळजवळ सगळा तळ तापाने आडवा झाला आणि परतीच्या वाटेवर माणसे दगावली. एव्हरेस्टला हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला पाठवण्यात आले. निशाणवाल्यांना कुठे पाठवले, हे इतिहासात आलेले नाही. या विषयावर कधी चित्रपट झाला तर त्याचा अर्धा वेळ या माणसांना द्यावा. गावकऱ्यांनाही द्यावा. देवळाच्या कळसावर आणि गडाच्या बुरुजावर चढलेल्या गोऱ्याची दुर्बीण आपल्या वाड्यातल्या बायकांना बघते आहे, उलटे करून बघते आहे, अशी शंका ठिकठिकाणी घेतली जाई. तिला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. परका माणूस उंचावर चढून आपले घर, विहीर, वाट टिपून घेतो आहे आणि त्याच्यामागे फौज आहे, एवढे त्यांना बरोबर कळले होते.

दक्षिणेत मोजणी चालू होती तेव्हाच विदर्भात राज्ये बदलत होती. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. समोर होता तोच आर्थर वेलस्ली. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत दिला. त्याबरोबर नागपूरच्या राज्याने आपला एकमेव समुद्रकिनारा गमावला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. तो निजामाकडे गेला. आर्वी, पुलगावच्या बाजूने वाहणारी नदी एका कागदाने दोन राज्यांची शीव झाली. अलीकडचा आजचा वर्धा जिल्हा भोसल्यांकडे राहिला, पलीकडे निजामाचे वऱ्हाड. सोयरिकी, बाजार, जत्रा दोन्ही काठांवर होत्या तशाच चालल्या असणार. पण जकातीचे नाके आणि हुकमाचे शिक्के वेगळे झाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले गादीवरून गेले, आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहू लागला. लॅम्बटन नागपूरच्या वाटेला लागला तो या नागपूरच्या.

तोपर्यंत त्याने कन्याकुमारीपासून निघालेली रेषा हैदराबादच्या निजामाच्या मुलखातून वर वऱ्हाडात एलिचपूरकडे आणली होती. १८१८ पासून या कामाला ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ असे मोठे नाव मिळाले होते आणि ते थेट गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आले होते. लॅम्बटन लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला होता. दोन किनाऱ्यांमधले द्वीपकल्प जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल रुंद दाखवले जाई, ते त्याच्या मोजणीत ३६० मैलच भरले. चाळीस मैल जमीन त्याने नकाशावरून पुसून टाकली. आता उत्तरेचे काम जवळून बघता यावे म्हणून मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचा होता. सत्तरीला टेकलेला, खोकल्याने पोखरलेला लॅम्बटन लवाजम्यासह हैदराबाद-नागपूर रस्त्याने निघाला. आजचा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग साधारण तोच मार्ग धरतो. नागपूर दोन-तीन मजलांवर राहिले असताना वणा नदीकाठच्या हिंगणघाटला तो गेला. तिथेच त्याला पुरले.

मोजणीच्या वीस वर्षांत त्याने मायदेश पाहिला नाही. इथल्या स्त्रियांपासून झालेली त्याची मुले होती, इथलाच संसार होता. साम्राज्याचा नोकर असूनही लुटीत त्याला रस नव्हता, हे त्याच्याबरोबर काम केलेल्यांच्या लिहिण्यातून दिसते. मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो. त्या आदराला धक्का न लावता हेही म्हणावे लागते की त्याची साखळी विजयाच्या पाठोपाठ चालली आणि पुढच्या विजयांच्या कामी आली. म्हैसूर पडले म्हणून ती सुरू होऊ शकली; निजाम तैनाती फौजेखाली आला म्हणून हैदराबादेत शिरली; सीताबर्डी झाली म्हणून नागपूरला निघाली. लॅम्बटन खरा शास्त्रज्ञ होता, एवढे म्हणून त्याला बाजूला काढता येत नाही, आणि कंपनीचा माणूस होता, एवढ्यावर त्याला निकालातही काढता येत नाही. मॅगेलनच्या बाबतीत निवाडा सोपा जातो, कारण तो मॅक्टनवर तलवार घेऊन उतरला. हिंगणघाटच्या माणसाच्या हातात कोनमापक होते.

मॅगेलनची सफर पुढे हुआन सेबास्तियन एल्कानोने पुरी केली. सप्टेंबर १५२२ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ या एकट्या जहाजातून अठरा माणसे लवंगांची पोती घेऊन स्पेनला परतली. लॅम्बटनची रेषा एव्हरेस्टने उचलली. त्याने यंत्रे बदलली, जुन्या मोजण्या पुन्हा केल्या आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला रेषा डेहराडूनजवळ हिमालयाच्या पायथ्याला भिडवली. कन्याकुमारीपासून ते अंतर सुमारे २४०० किलोमीटर होते. याच त्रिकोणांच्या जाळ्यातून पुढे राधानाथ सिकदार यांच्या गणिताने पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले आणि १८६५ मध्ये त्याला एव्हरेस्टचे नाव मिळाले.

हिंगणघाटचे पुढे काय झाले? १८२७ पासून त्रिकोणांच्या चौकटीवर बसवलेला ‘ॲटलास ऑफ इंडिया’ पाना-पानाने छापला जाऊ लागला. शेतांची सारामोजणी आणि रेल्वेची आखणी ही कामे निराळ्या खात्यांनी केली. पण दूरच्या गावाचे अक्षांश-रेखांश लंडनमधल्या टेबलावर खात्रीने ठेवता येणे, ही सवय लॅम्बटनच्या कामाने लावली होती. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले औरस मुलाविना वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून पुढच्या वर्षी नागपूर खालसा केले. त्यासाठी लिहिलेल्या टिपणात त्याने वारसाच्या कायद्याबरोबर कापसाचाही विचार मांडला. इंग्लंडच्या गिरण्यांची भरभराट ज्या कच्च्या मालावर अवलंबून आहे, तो या प्रांतातून मिळेल, असे त्याने स्पष्ट लिहिले. भोसल्यांचे हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशरला कापूस मिळेना. त्याच सुमारास, १८६२ मध्ये, नागपूर जिल्ह्याचा भाग तोडून वर्धा जिल्हा केला गेला. आधी कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे मिर्झापूरला नेत, तिथून तो गंगेने कलकत्त्याला जाई. आता त्याने तोंड फिरवले आणि थेट मुंबईच्या गोदीची वाट धरली. या व्यापारावर देखरेख ठेवायला रिव्हेट-कार्नॅक हा अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. हिंगणघाटची ‘बनी’ ही लांब, रेशमासारख्या धाग्याची जात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे शुद्ध बी राखावे, वऱ्हाडातही तेच पेरले जावे म्हणून सरकारने बियाणे वाटले.

मॅगेलनच्या काळात आपल्या किनाऱ्यावरून विणलेले कापड बाहेर जात होते आणि त्यावर मलाक्कात मसाल्याचे सौदे होत. साडेतीनशे वर्षांनी सरकी काढलेली रुई गाठींत दाबून जाऊ लागली आणि कापड बोटीने परत येऊ लागले. सगळ्या सागरी विजयांचा खरा अर्थ आमच्या भागाला कळला तो या उलट्या प्रवासातून. विणकरांचे माग थंडावले, शेतकरी सावकाराच्या वहीत गेला.

तरी या गोष्टीत एक गाठ शेतकऱ्याने आपल्या हाताने मारली. ‘बनी’ दिसायला देखणी, पण तिच्या कापसातून रुई कमी निघे आणि पीकही कमी येई. जाड्याभरड्या धाग्याची ‘जरी’ जात पीक जास्त देई, रुईही जास्त देई. अधिकाऱ्यांनी अहवालांमागून अहवाल लिहून बनी पेरायला सांगितले. शेतकऱ्यांनी वर्षामागून वर्ष जरी पेरली. एकोणिसावे शतक संपता संपता हिंगणघाटच्या नावाची जात हिंगणघाटच्या शेतांतून जवळजवळ गेली. आपल्या जमिनीत काय उगवायचे हा निर्णय लिव्हरपूलने घ्यावा, हे या लोकांनी मुकाट्याने, कुठेही सभा न घेता, नाकारले होते.